नटांची बैठक

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आईला फोनवर म्हटलं, "नंतर बोलते गं, नट शोधतेय." ती एकदम खूश! तिला वाटलं, मंडळाचं नाटक बसवतेय. तिच्या लेखी नट म्हणजे काशिनाथ घाणेकर. मला हवे होते ते गाडीच्या चाकाचे नट. चार चाकं, प्रत्येकी पाच, एकूण २०.

आमच्या मिशिगनमध्ये फराळाचा आणि स्नो टायरचा हंगाम एकच. पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड कमी होते. पुष्कळ जण हिवाळ्याचे टायर वेगळ्या रिमवर कायमचे चढवून ठेवतात, म्हणजे दर मोसमात टायर काढा-घाला करावे लागत नाहीत, अख्खं चाकच बदलायचं. डॅलसला मुक्काम हलवणाऱ्या एका मराठी कुटुंबाने असा संच आम्हाला स्वस्तात दिला. रिम अ‍ॅल्युमिनियमच्या, बाहेरून घेतलेल्या, पण आमच्या होंडा सीआर-व्हीला बसणाऱ्या. त्यांचे नट मात्र सामानाच्या बांधाबांधीत हरवले होते.

"आपलेच लावू की," नवरा म्हणाला. शनिवारी जेवायला जमलेल्या मंडळींचंही तेच मत पडलं. आमच्या ओळखीतली निम्मी घरं गाड्यांच्या कंपन्यांवर चालतात, पण लिहितात सगळे सॉफ्टवेअर. चाकाला हात कोणी लावलेला नाही.

मला ते पटेना. नवरा महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी असतो. मुलीची शाळा, धाकट्याचा डॉक्टर, वाणसामान हे सगळं मी करते, आय-९६ वरून ताशी ७० मैलांनी, मागे दोघांना बसवून. माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नाही. कागदोपत्री मी 'डिपेंडंट'. सांगलीत सहा वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलेल्या बाईला हा शब्द भातातल्या खड्यासारखा लागतो. पण बर्फात गाडी मीच चालवते ना? मग चाकं कशाने धरून ठेवली आहेत, हे मला कळायलाच हवं.

नट निवडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, ज्या स्टडवर तो चढतो त्याची जाडी. दुसरी, दोन आट्यांमधलं अंतर. आमच्या गाडीची जाडी १२ मिलिमीटर आणि आटा १.५. सुबारूचीही जाडी १२च, पण आटा १.२५. तो नट आमच्या स्टडवर एखादा फेरा जातोही, मग अडतो. तिथे पान्याने जोर केला की आटे गेलेच म्हणून समजा. या दोन गोष्टींत चूक झाली तर निदान लगेच कळते. तिसरी गोष्ट कळत नाही, आणि खरा धोका तिच्यातच. ती म्हणजे बैठक, नटाचा रिमच्या भोकात टेकणारा भाग. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलसर फुगीर असते. बाहेरच्या बहुतेक रिमना मात्र ६० अंशांची, गाजरासारखी निमुळती बैठक लागते. काही गाड्यांना तर खाली सपाट वॉशर असलेले नट असतात. गोल बुडाची घागर चुंबळीवर नीट बसते, फरशीवर ठेवली की कलंडते, तसंच हे. फरक इतकाच की चुकीचा नट कलंडत नाही. घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पुढे धावत्या चाकाच्या हादऱ्यांनी सैल होत जातो.

हे नवऱ्याला तोंडी सांगून पटेना. शेवटी मी माझं जुनं हत्यार काढलं: खडू. मुलीच्या अंगणात चित्रं काढायच्या गुलाबी खडूने मूळ नटाची बैठक रंगवली, गॅरेजमध्ये तो नव्या रिमच्या भोकात हलकेच आवळला आणि काढला. खडू पुसला गेला तो केसाएवढ्या एका रेघेत. नटाचा सगळा भार तेवढ्यावरच येणार होता. नंतर निमुळता नट आणला तेव्हा त्याचाही खडू करून पाहिला. पूर्ण पट्टा पुसला गेला. नवरा दोन्ही नट हातात घेऊन बराच वेळ उभा होता.

दुकानात काउंटरवरच्या मुलाने "होंडा" एवढं ऐकून एक पाकीट पुढे केलं आणि मिस्टरांना विचारून घ्यायला सुचवलं. मी म्हटलं, आधी बैठक दाखव. शिवाय मला टोपीवाले, बंद तोंडाचे नट हवे होते, कारण इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि उघड्या नटातून ते स्टडच्या आट्यांपर्यंत पोचतं. काही चकचकीत नट म्हणजे पोलादावर पातळ पत्र्याचं टोपण असतं. आत ओल आणि मीठ शिरलं की गंज धरून टोपण फुगतं आणि ऐन रस्त्यात पाना बसत नाही. म्हणून एकसंध घेतले, तेही १९ मिलिमीटरच्या पान्याचे. गाडीतला पाना तेवढाच आहे.

बसवताना सांगलीहून बाबा व्हिडिओवर हजर होते. त्यांच्या चेतकची स्टेपनी बदलताना नट वाटीत सांभाळायचं काम माझं असायचं. त्यामुळे इथेही वाटी होतीच. "नट हाताने फिरला पाहिजे. पाना शेवटी," बाबा दर चाकाला बजावत होते. सहा-सात फेरे तरी हाताने गेले पाहिजेत, नाहीतर पकड अपुरी. आट्यांना तेल लावायचं नाही, कारण त्याने नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. एक झाला की शेजारचा न घेता समोरचा घ्यायचा, चांदणी काढल्यासारखा. मग शेजारच्या आजोबांकडून आणलेला टॉर्क रेंच ८० फूट-पौंडांवर लावला. टक्क आवाज आला की थांबायचं. बाबांना तो आवाज इतका आवडला की वीसही ऐकले.

६० मैल झाल्यावर पुन्हा तपासलं. दोन नट किंचित फिरले, मग टक्क. मूळ नटांपैकी पाच बटव्यात घालून गाडीतच ठेवलेत, कारण स्टेपनी कंपनीची आहे आणि तिला तेच लागतात. बटव्याला चिठ्ठीही बांधलीय, माझ्या वर्गातल्या कपाटाला असायची तशी.

यंदा ऑक्टोबरअखेर तिघी आमच्या गॅरेजमध्ये येणार आहेत. गाडी कोणती, कोणत्या सालची, रिम मूळ की बाहेरची, ते आधी कळवायला सांगितलंय. दोघींची उत्तरं चोख आली. तिसरीने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पांढरी."