'ज्ञ'ची जागा

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. दहावीला गुण बरे होते; पण विज्ञान शाखेच्या शिकवण्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून कला शाखेकडे वळलो. आज मराठी हा माझा विशेष विषय आहे, आणि खिशातल्या मोबाइलवर पायथन! ही संगणकाची भाषा १९९१ साली जगापुढे आली. मला सॉफ्टवेअरच्या व्यवसायात जायचे आहे. बी. ए. नंतर एम. सी. ए. ला जाता येते. गणिताची उणीव तेवढी भरून काढावी लागते. अण्णांचा डोळा मात्र तलाठ्याच्या परीक्षेवर.

अण्णा लातूरच्या मोंढ्यात हमाल आहेत. टोळीत तेवीस जण. दर शनिवारी मुकादम हमालीचे वाटप करतात, तेही वहीतल्या वर्णमालेच्या क्रमाने. मुकादम चौथी शिकलेले. तो क्रम हा त्यांचा अभिमान. अण्णांचे नाव 'ज्ञ'ने सुरू होते, म्हणजे तेविसावे. बावीस जणांच्या रोजांचा हिशेब बोटांवर होईपर्यंत ते पोत्यावर बसून राहतात. लहानपणी मला वाटे, शनिवारी मोंढाच उशिरा सुटतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी या वाटपाचा प्रोग्राम लिहिला. नावे क्रमाने लावण्याचे काम पायथनवर सोपवले. पडद्यावर यादी आली आणि मी दचकलो. अण्णा सातवे!

संगणकाला अक्षर म्हणजे आकडा. युनिकोडमध्ये 'ज'चा आकडा २३३२. 'ज्ञ'ला स्वतःचा आकडाच नाही; ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ असे तीन आकडे मिळून तो होतो. म्हणून तो 'ज'च्या घरात जाऊन बसतो, 'द', 'म', 'व' या साऱ्यांच्या पुढे. व्याकरणाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "ज्ञ हे जोडाक्षरच. यंत्राचे चुकले नाही. वर्णमाला म्हणताना तो शेवटी येतो, तेव्हा मुकादमांचेही चुकले नाही."

खरे सांगतो, मी ती यादी मुद्दाम तशीच नेली.

मुकादमांचे बोट सातव्या नावावर थांबले. "पोरा, ज्ञ मधीच कसा? तुजं यंत्र साळंत गेलं न्हाई वाटतं!" सगळे हसले. मी आकडे सांगू लागलो, तोच अण्णा म्हणाले, "लाव शेवटी. वही त्यांची हाय."

मला राग आला. अण्णांचाच जास्त. रात्री बसून 'ज्ञ' शेवटी नेला. टोळीत 'क्ष'चा कोणी नाही. पण उद्या आला तर? त्याचीही सोय केली. मध्यरात्र झाली.

पुढच्या शनिवारी रोजांचा हिशेब आधीच तयार होता. अण्णा तेविसावेच होते, पण दिवेलागणीच्या आत घरी आले. आईने विचारले, "आज मोंढा लवकर सुटला व्हय?"

अण्णा नुसते हसले. तलाठ्याच्या परीक्षेचा विषय त्या रात्री निघाला नाही.