जोड आमचाच होता

आमच्या वर्गातल्या मुलांना तारेचा फोन दाखवायचा म्हटले तर आता तो शोधावा लागेल. २००६ साली मात्र कोकणातल्या आमच्या घराचा तोच आधार होता. भाईजान दुबईला होते. दर जुम्याला नमाजनंतर त्यांचा फोन यायचा. अम्मी सकाळपासूनच फोनजवळ बसायची.

त्या पावसाळ्यात फोन मुका झाला. दोन जुमे कोरडे गेले. आम्ही शेजारून १९८ ला तक्रार केली, खात्याला आणि लाइनमनला यथेच्छ नावे ठेवली. अम्मी काही बोलेना, नुसती तसबी ओढत राहिली.

अखेर लाइनमनचाचा भिजत आले. त्यांच्या खांद्याला डायल असलेला एक जाडजूड रिसीव्हर लटकत होता, त्याच्या वायरींना दोन चिमटे. ते आधी घरात आलेच नाहीत. खांबावरच्या डबीत चिमटे लावून त्यांनी कान दिला. आवाज नाही. मग आमच्या घराची तार सोडवून पुन्हा ऐकले आणि वरूनच म्हणाले, "टोन आहे! एक्स्चेंजपासून इथवर लाइन साफ आहे."

तार परत जोडून ते ओसरीत आले. भिंतीवरच्या डबीतून आतली वायर काढताच तिथेही टोन आला. "बेटा, आत कोणी हात लावला होता?"

लावला होता. आम्हीच. आदल्या रमजानमध्ये अम्मीच्या खाटेजवळ फोन न्यावा म्हणून आम्ही वायरीला जोड दिला होता. ओल्या भिंतीत तो हिरवा पडून दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. चाचा म्हणाले, "तारा चिकटल्या की एक्स्चेंजला वाटते, रिसीव्हर उचललेला आहे. बाहेरून लावणाऱ्याला एंगेज ऐकू येतो."

म्हणजे दोन जुमे भाईजान तिकडे एंगेज ऐकत होते. आपल्याशी बोलायला घरात कुणाला सवडच नाही, असे त्यांना वाटले असेल का? आम्ही मान खाली घातली. चाचांनी नवी वायर टाकली, चहा घेतला आणि निघाले. ज्यांना शिव्या दिल्या त्यांची माफी मागायचे राहूनच गेले.

पुढे आम्ही बी.एड. केले, उर्दू शाळेत लागलो. सहावीतली एक मुलगी इमल्यात रोज नापास व्हायची. आम्ही वहीत शेरा मारला, "लक्ष देत नाही." एके दिवशी चाचांचे चिमटे आठवले. तिला पहिल्या बाकावर बसवून तोच इमला सांगितला. दहापैकी नऊ शब्द बरोबर! ऐकू कमी यायचे तिला. आणि उंच आहे म्हणून शेवटच्या बाकावर तिला बसवले होते कुणी? आम्हीच.

तिच्या अब्बांना बोलावून कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. वहीतला शेरा खोडला आणि या वेळी माफी मागायचे राहू दिले नाही. ती म्हणाली, "कोई बात नहीं, सर."

आता शेरा लिहिण्याआधी आम्ही टोन कुठवर येतो ते पाहतो. सुरुवात आपल्याच जोडापासून करतो.