चूल कुणाची, कार्ड कुणाचं

रेशनवरच्या धान्याला पात्र कोण, हे ठरवायला सरकारने आकडे दिलेले आहेत. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 रुपये आणि शहरात 59,000. मी पुरवठा शाखेत नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचे कागद तपासून देतो. उत्पन्न जास्त भरलं म्हणून अपात्र ठरलेला वृद्ध मला क्वचितच भेटला. बहुतेकांचं घोडं अडतं ते कुटुंबाच्या रकान्यात. म्हातारी शिजवते एकटीपुरतं, पण सरकारदरबारी ती मुलाच्या घरात मोजलेली असते.

म्हणून कुणी आलं की उत्पन्नाचा दाखला मी शेवटी मागतो. पहिला प्रश्न असतो, "मावशी, चूल कुणाबरोबर?" उत्तर द्यायला बायका कचरतात. वेगळी चूल सांगणं म्हणजे मुलाची बदनामी, असं त्यांना वाटतं. "तसं एकत्रच आहे म्हणा" असं म्हणतात आणि पदर सारखा करतात. तिथे घाई करून चालत नाही. सकाळी चहा कोण करतं, गॅसचा नंबर कोण लावतं, दळण कोण आणतं, असं विचारत गेलं की खरं काय ते कळतं.

अशाच एका आजींचं कार्ड अजून डोळ्यांपुढे आहे. 1999 साली तीन रंगांची कार्डं आली, त्या काळातलं केशरी कार्ड, घडीवर फाटलेलं, कॅरीबॅगेत गुंडाळलेलं. कुटुंबप्रमुख म्हणून नवरा, तो मयत. आतल्या पानावर मुलगा, सून आणि नातवंडं, आणि त्यांच्यापुढे लाल शाईत "कमी केले", खाली शिक्का. म्हणजे कागदावर आजी एकट्या उरल्या होत्या. दुकानदार मात्र सांगायचा, तुमचं नाव दुसरीकडे चालू आहे. कार्डाचा बारा अंकी क्रमांक शोधून रेशनच्या संकेतस्थळावर पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मुलाने शहरात नवं कार्ड काढताना आईचा आधारही जोडला होता. तिच्या वाट्याचं महिना 5 किलो धान्य तिकडे सुनेच्या अंगठ्यावर उचललं जात होतं. मुलगा टेम्पो चालवतो, भाड्याच्या खोलीत राहतो. आईचा घास काढून घेतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "काका, आईचं नाव तर आमच्यातच असणार ना?"

त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. नियमांची मांडणीच तशी आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. धान्य माणशी मिळतं, पण निवड कुटुंबाची होते. त्याआधी 2000 साली अन्नपूर्णा योजना आली होती. पेन्शनला पात्र असून ती न मिळणाऱ्या 65 वर्षांवरच्या निराधाराला महिना 10 किलो धान्य फुकट. ती योजना पुढे क्षीण होत गेली, पण तिच्यात म्हातारा माणूस स्वतंत्र मोजला होता. ही दृष्टी पुढे टिकायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

एकट्या वृद्धासाठी सगळ्यात मोलाची तरतूद अंत्योदयची, आणि ती सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. अंत्योदय अन्न योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली ती गरिबांतल्या गरीब कुटुंबांसाठी. 2003 च्या विस्तारात विधवा, अपंग, दुर्धर आजारी आणि उपजीविकेचं खात्रीचं साधन किंवा समाजाचा आधार नसलेले 60 वर्षांवरचे लोक स्पष्ट शब्दांत आले. त्याच वर्षी 2 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही वृद्ध आणि निराधारांना अंत्योदय कार्ड देण्यास सांगितलं. अंत्योदयचं धान्य कार्डामागे 35 किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्य गटात एकट्या बाईला 5 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. ज्यांच्या ताटात धान्याखेरीज फारसं काही पडत नाही, त्यांना हे पुरत नाही.

"एकट्या जिवाला 35 किलो कशाला?" हा प्रश्न मी कचेरीतही ऐकला आणि पारावरही. विचारणाऱ्याने एकदा अशा घरी जाऊन बसावं. पाणी भरून देणारी शेजारीण जेवायला असते, सुट्टीत नातवंडं येतात, आजारपणात विधवा बहीण महिनाभर राहून जाते. घरात दाणे असले की म्हाताऱ्या माणसाकडे माणसं येतात.

अर्ज केला की ठरलेलं उत्तर मिळतं, "इष्टांक संपलाय." महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, सुमारे सात कोटींचा, तोही 2011 च्या जनगणनेवर बेतलेला. पण मयतांची, स्थलांतरितांची, दुबार नावं निघतात तशी जागा रिकामी होते. म्हणून तोंडी उत्तरावर परत फिरू नये. अर्ज द्यावा, पोच घ्यावी. दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत, वर राज्य अन्न आयोग आहे. 1967 हा फोन नंबरही आहे.

पेन्शनचा घोळ वेगळाच. पिवळ्या, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 15,000 रुपये. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 धरले तर नुसत्या पेन्शनचेच 18,000 होतात. निराधार म्हणून एका हाताने दिलेला पैसा दुसऱ्या टेबलावर उत्पन्न म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी मी दर वेळी भांडतो. माझ्या मते हे लेखी स्पष्ट व्हायला हवं.

आणि अंगठा. जन्मभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या हातांवर रेषा उरत नाहीत. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर बोट घासून घासून बाई रडकुंडीला येते. ओटीपी मागवावा तर मोबाइल मुलाचा, तो शहरात. निव्वळ अंगठा लागला नाही म्हणून पात्र माणसाला रिकाम्या हाती पाठवू नये, अशा केंद्राच्या स्पष्ट सूचना आहेत. बुबुळ तपासणी किंवा नॉमिनीची सोयही आहे. दुकानात ठामपणे ती मागावी लागते, आणि ते काम सोबत गेलेल्या माणसाने करायचं.

दिवाळीत मुलं गावी येतात. नाव कमी करायचा अर्ज कार्डधारकाच्या सहीने होतो, त्यामुळे ही संधी चुकवू नये. आईचं कार्ड बाहेर काढा, तुमचंही काढा, दोन्हींचे बारा अंकी क्रमांक टाकून तिचं नाव नेमकं कुठे चालू आहे ते बघा. ते तुमच्याकडे असेल तर कमी करून दाखला घ्या, तो तिच्या वेगळ्या कार्डाच्या अर्जाला जोडा. वडिलांच्या मृत्यूचा दाखला सोबत ठेवा आणि तिच्या आधारला गावातच राहणाऱ्या कुणाचा तरी मोबाइल जोडून द्या. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला तहसील बंद असतं, त्यामुळे आधीचा एखादा कामाचा दिवस हाताशी ठेवूनच गावी या.