मंडईले येजा

झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेनंतर गावोगाव फिरायला निघते. नागपूर-पुण्याकडे आकाशकंदील उतरवायची वेळ होते, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या या धानपट्ट्यात मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे गावची एका दिवसाची जत्रा: दिवसा दुकानं आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या घरी वर्षभर याच दिवसांची वाट पाहिली जायची. हल्ली ऑक्टोबर लागला की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळाच प्रश्न येतो: या वेळी ताडोबा की पेंच? दोन्ही मी केलंय आणि दोन्हींत मजा आहे. सुट्टीचा हिशेब मात्र पार बदलला.

मंडईचं वेळापत्रक धान ठरवायचा. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येतो, भारी धानाला अजून अवकाश असतो. त्या मधल्या दिवसांत घरात नवा तांदूळ, हातात थोडे पैसे आणि अंगावर काम जरा कमी. पण खरी अक्कल पुढेच होती. शेजारच्या गावांनी एकमेकांचा दिवस टाळायचा. आज आमची मंडई, उद्या मामाच्या गावची, परवा आत्याच्या. प्रत्येक घर एक दिवस यजमान आणि उरलेले दिवस पाहुणं. भाऊबीजेला आलेली लेक मंडईपर्यंत थांबायची. जावई तिला न्यायला म्हणून यायचा आणि नाटकासाठी मुक्काम ठोकायचा. "मंडईले येजा बापू," एवढं तोंडी निमंत्रण पुरायचं. कितीतरी सोयरिकी यातूनच जुळल्या. मुलीकडचे लोक मंडईच्या निमित्ताने यायचे आणि मुलाच्या घरची बैलजोडी, बोडी (शेतातलं तळं), धानाचे पुंजणे सगळं डोळ्यांखालून घालून जायचे.

आम्ही नागपूरहून यायचो ते छोट्या गाडीने. इतवारीहून निघालेली ती नॅरोगेज उमरेड, भिवापूर करत नागभीडला पोचेपर्यंत डब्यातली निम्मी माणसं ओळखीची झालेली असत. कुणाच्या तरी डब्यातली सांभारवडी आमच्या हातात आलेली असे. पुढे मामांची बंडी. गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. आता घरटी चारचाकी आहे आणि रस्ते खरोखर सुधारलेत. ओळखीचं म्हणाल, तर टोलनाक्यावर कोण कुणाला सांभारवडी देतो?

नाटकाबद्दल मात्र दोन शब्द जास्त सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा नाटक गावचंच असे. रोवणी आटोपली की शाळेच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात तालमी सुरू व्हायच्या. दिग्दर्शक बहुधा गुरुजी, पेटीवर भजनी मंडळातला कुणीतरी, आणि बाईचं काम करणारा पोरगा तेवढे महिने मिशी राखायचा नाही. नाटक रात्री दहाला सुरू व्हायचं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालायचं. बसायला तनस पसरलेली, वर घरून आणलेली सातरी, अंगावर घोंगडं. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी आमच्यापर्यंत यायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मधल्या अंकात आम्ही पोरं शिंगाडे सोलत झोपून जायचो. खलनायक मरायच्या वेळेला कुणीतरी हलवून उठवायचं.

पुढे हे सगळं वडशाला गेलं. देसाईगंज म्हणजेच वडसा, गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. आज तिथे रस्त्याच्या कडेला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, बाहेर नटनट्यांच्या चेहऱ्यांचे भलेमोठे फलक. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, मंडप उभारतं, तिकिटं विकतं. शिल्लक राहिली तर ती देवळाच्या नाहीतर शाळेच्या कामी येते. हंगाम दिवाळीपासून थेट होळीपर्यंत. गुरनोलीचे झाडीपट्टी नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला झाडीपट्टीचं नाव कळलं. आमच्याकडे त्यांच्या नावावर मंडप भरण्याला तोवर कितीतरी वर्षं झाली होती. आताच्या नाटकात कथानक थांबवून लावणी घुसवतात, ध्वनिक्षेपक कानठळ्या बसवतात, अशी जुन्यांची कुरकुर असते. ती बरोबरच आहे. तरीही मी म्हणेन की धंदा झाला म्हणूनच नाटक टिकलं. नुसत्या हौसेवर ते टीव्हीपुढे कधीच आडवं झालं असतं. थंडीत रात्रभर जागून, पैसे मोजून, अख्खं गाव नाटक बघतं असा महाराष्ट्रात दुसरा मुलूख दाखवा.

नाटकाच्या जोडीला थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा खेळ, असायचा. दिवसा पट, रात्री नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. मधली वर्षं कित्येक गावं नुसत्या नाटकावर निभावून नेत होती.

सुट्टीचं दुसरं निमित्त म्हणजे वर्धापनदिन. आमच्या आईबाबांच्या लग्नाची तारीख आम्हाला ठाऊक नव्हती, त्यांनाही नसावी. "त्या वर्षी बोडी आटली होती," एवढीच खूण. जिल्ह्यात घरोघरी पाळला जाणारा एकच वर्धापनदिन होता, तो १६ ऑक्टोबर. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, दीक्षा दिली. तेव्हापासून त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात: पांढरी लुगडी, भाकरीची गाठोडी, परतताना एखादं पुस्तक. गाठोडी कमी झाली, पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी तशीच आहे. ही तारीख कुठल्याच शनिवार-रविवारला वाकत नाही, आणि लोक तिच्यासाठी रजा काढतात.

वनभोजनही काही नवं नव्हे. कार्तिकात आवळीभोजन असायचंच. आवळ्याच्या झाडाखाली चूल मांडायची, खाली बायकांच्या गप्पा, वर पोरं. घोडाझरीचा तलाव, सातबहिणींचा डोंगर, रामदेगी ही सहलीची ठिकाणं. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण आमच्या लेखी ते तारूदेवाचं ठिकाण होतं. पौषात तिथे जत्रा भरायची. १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि हळूहळू सगळी मांडणी फिरली. रामदेगी-नवेगावसारखी गावं उठून बाहेर गेली. त्यांच्या जागी आज गवताळ कुरण आहे आणि पर्यटक तिथे जिप्सीत बसून वाघाची वाट बघतात. १ ऑक्टोबरला कोअरची दारं उघडतात, आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या बघता बघता भरतात.

मागे माझ्या मामेभावाच्या लग्नाची पंचविशी ताडोबाच्या मोहर्ली दाराजवळच्या एका रिसॉर्टवर झाली. पुणे, हैदराबाद, एक भाची थेट टेक्सासहून. केक कापला, जुने फोटो पडद्यावर दाखवले, पहाटे सफारीला गेलो. सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे तीन तास सगळे एकमेकांशी बोलले, हा मोठाच फायदा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, लग्नानंतर पहिल्यांदाच सगळे जमलेत आणि मी स्वयंपाकघरात नाही." तिचं म्हणणं मला विसरता येत नाही. मंडईच्या दिवशी आमच्या आईने तीस-चाळीस माणसांच्या सुवाऱ्या तळल्या. नाटकाचा पहिला अंक तिने कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. जुन्या दिवसांचं कौतुक करताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

पण रिसॉर्टवरच्या त्या जेवणात वाढायला जवळच्या गावचा एक पोरगा होता. मी विचारलं, "तुमच्या गावची मंडई कधी?" तो म्हणाला, "येत्या शनवारी हाय जी. पन सुट्टी नाही भेटत. शनवार-इतवारी तर अजिबातच नाही." माझं सगळं म्हणणं यात आलं. पूर्वी सुट्टी गावागावांत वाटून यायची आणि तिच्यात यजमानाची पाळी प्रत्येकाला मिळायची. आता सगळ्यांना एकाच वेळी, त्याच दोन दिवसांत सुट्टी लागते, आणि त्या दोन दिवसांत कुणीतरी कायमचा वाढपी होतो. वाघामुळे पोराला गावाजवळ रोजगार मिळाला हे खरं, आणि त्याच नोकरीने त्याच्या घरचं नाटक बुडालं हेही खरं.

वाघाची दुसरी बाजूही आहे. आमच्या वेळी रात्री दोन कोस बंडीने नाटकाला जाताना जंगलाची भीती बोलण्यापुरती असे. आता ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात धान कापताना माणसं मारली जातात. २०२१ पासून छत्तीसगडहून आलेले रानहत्ती गडचिरोलीत उभ्या धानात शिरतात. नाटकाला जाणारे लोक आता टोळी करून, गाड्या एकामागे एक ठेवून जातात. दक्षिण गडचिरोलीत तर येण्याजाण्याचाच प्रश्न होता. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर पहिली एस.टी. धावली ती १ जानेवारी २०२५ ला. तिथल्या लेकीला भाऊबीजेला माहेरी यायला आता निदान बस आहे, आणि याला मी कुठल्याही रिसॉर्टपेक्षा मोठी सुधारणा मानतो.

तेव्हा ताडोबाला खुशाल या, वाघही दिसो. फक्त एक रात्र जास्त काढा. तारखांसाठी वडशाच्या नाटक कंपन्यांकडे चौकशी करा, नाहीतर नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीला चहाच्या टपरीवर विचारा. कुठे ना कुठे मंडई असतेच. जाड चादर आणा, नाटक पहाटेपर्यंत चालतं. आणि रिसॉर्ट चालवणाऱ्यांना एक विनंती: गावच्या मंडईच्या दिवशी त्या गावच्या पोरांना सुट्टी द्या. एक दिवस पाहुण्यांनी आपलं ताट आपण वाढून घेतलं तर काही बिघडत नाही.