पेटीवर बसलेली म्हातारी



२०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लंडनला लेकीकडे जाऊन आलो. आल्यापासून मंदिरात भेटेल ती पहिला प्रश्न एकच विचारते, "खायचं काय केलंत?" आणि मग, "काय काय पाहिलं?" पहिल्याचं उत्तर पटकन देते. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

तर खाणं. बॅगेत दशम्या, भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ आणि पाणी गाळायचं फडकं. स्वयंपाकघर लेकीचंच, त्यामुळे अडलं काहीच नाही. बाहेर जाताना डबा बरोबर. तिथल्या दुकानातल्या पाकिटांवर अंडं, दूध, मोहरी अशी नावं घटकांच्या यादीत ठळक छापलेली असतात, कारण कुणाकुणाला त्यांची अॅलर्जी असते. अंडं एका नजरेत सापडतं हे बरं झालं. कांदा-लसूण मात्र बारीक अक्षरांत चष्मा लावून शोधायचं. एका पाकिटाला माझी दहा मिनिटं जायची आणि जावई बिचारे ट्रॉली धरून उभे.

गंमत सूर्यास्ताची. जूनमध्ये लंडनला सूर्य मावळतो रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी! दोन घटका आधीचं धरलं तरी साडेआठपर्यंत जेवायला मोकळीक. मी सवयीने सातलाच ताट धुऊन ठेवायचे. आमचे हे मात्र सव्वाआठला पुन्हा स्वयंपाकघरात, "नियम सूर्याचा आहे, घड्याळाचा नाही" म्हणत. इतकी वर्षं नियमाच्या नावाने कुरकुरणारा माणूस तिथे जाऊन पंडित झाला.

आता पाहिलं काय ते. लहानपणापासून कॅलेंडरवर पाहिलेलं बिग बेन पहिल्याच दिवशी पाहायला गेलो, तर सगळ्या मनोऱ्याला परांची बांधलेली! २०१७ मध्ये सुरू झालेली दुरुस्ती तेव्हा चालू होती. परांचीतून घड्याळाची तबकडी तेवढी डोकावत होती, डोक्याला पट्ट्या बांधलेल्या पेशंटसारखी. जवळच वेस्टमिन्स्टर अॅबे. तिथे जमिनीवर, भिंतीत, जिकडे पाहावं तिकडे समाध्या. न्यूटन तिथे, डार्विन तिथे. लोक नावं कोरलेल्या फरशांवरून सहज चालतात. माझा पाय काही पडेना, मी कडेकडेने उड्या मारत होते. एका फरशीवर मात्र कुणीच पाय देत नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, नावही माहीत नसलेल्या एका सैनिकाची ती कबर. राजेराण्यांच्या कबरी पाहून मला काही वाटलं नाही, पण तिथे क्षणभर उभी राहिले.

टॉवर ऑफ लंडनला गेलो ते कोहिनूरसाठी. लेकीने आधीच दम दिला होता, "आई, तिकिटाला अठ्ठ्याऐंशीने गुणायचं नाही." मी तोंडाने गुणलं नाही. बी.कॉम. झालेल्या बाईचं मन गुणल्याशिवाय राहतं होय? तिथे मोठाले कावळे पाळलेले आहेत. सहा कावळे कायम राहिले नाहीत तर राज्य बुडेल अशी समजूत. त्यांना काय खायला घालतात ते जावई सांगू लागले, मी कानावर हात ठेवले.

आत मुकुटांच्या समोरून सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहायचं आणि काचेपलीकडचे मुकुट पाहत पुढे जायचं. थांबता येत नाही, फोटो काढता येत नाही. राणी एलिझाबेथच्या आईसाठी १९३७ साली केलेल्या मुकुटात आपला कोहिनूर. १८४९ मध्ये पंजाब घेतला तेव्हा दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो लिहून घेतला. तेव्हा १८६ कॅरटचा होता, १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडून १०५ कॅरटवर आणला. म्हणजे एवढी खटपट करून आणला आणि वर निम्म्याजवळ कापून टाकला! मी दोनदा पट्ट्यावर चढले. दुसऱ्यांदाही तो डोळ्यांसमोरून सरकला आणि गेलाच. माझ्यामागची एक पंजाबी आजी मोठ्याने काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला.

शुक्रवारी जावयांना कचेरीत जायचं होतं, म्हणून लेक आम्हाला जुन्या शहराकडे घेऊन गेली. १६६६ साली पुडिंग लेनमधल्या एका भटारखान्यात आग लागली आणि चार दिवसांत बहुतेक शहर जळून गेलं. त्याची आठवण म्हणून उभारलेला खांब २०२ फूट उंच आहे, कारण तो भटारखाना तिथून बरोबर २०२ फुटांवर होता. आत ३११ पायऱ्या. ह्यांनी गुडघ्याचं कारण सांगून खालीच बाकडं धरलं. कुंभोजला बाहुबलीचा डोंगर चढणारी मी, चढले. खाली आल्यावर चढल्याचं सर्टिफिकेट देतात. आता सांगा, शिखरजीची वंदना करून आलेल्याला कुणी कधी सर्टिफिकेट दिलंय का?

तिथून चालत बँक ऑफ इंग्लंड. ही माझी हौस होती. बी.कॉम.ला सेंट्रल बँकिंगच्या पेपरात १६९४ साली स्थापन झालेल्या या बँकेवर मी पानंच्या पानं लिहिली होती, आणि त्याच वर्षी लग्न ठरलं, पुढे ते ज्ञान दूधवाल्याच्या हिशेबाला आलं. बँकेचं छोटंसं म्युझियम आहे, प्रवेश फुकट. (हे ऐकून ह्यांचा गुडघा एकदम बरा झाला.) आत काचेच्या पेटीत सोन्याची एक खरी वीट ठेवली आहे. पेटीच्या भोकातून हात घालून ती उचलून पाहायची. तेरा किलो! एका हाताने मला जेमतेम हलवता आली. बाजूला आकडे दाखवतात, आज या विटेची किंमत किती. त्या दिवशी चार लाख पौंडांच्या वर होती. आपल्या भाषेत हजार तोळ्यांहून जास्त. आणि अशा सुमारे चार लाख विटा त्या इमारतीच्या पोटात, तळघरात.

एवढं सोनं हातात आल्यावर काय वाटलं सांगू? गार वाटलं. दगडासारखं गार. दागिना म्हटला की आपण कुणाचा तरी हात, कुणाचा तरी गळा आठवतो. त्या विटेला कुणीच नव्हतं.

पुढच्या भिंतीवर एक जुनं व्यंगचित्र होतं, १७९७ सालचं, गिलरे नावाच्या चित्रकाराचं. नोटांचा झगा घातलेली एक म्हातारी कुलूप लावलेल्या पेटीवर बसलेली आहे, आणि पंतप्रधान तिच्याशी लगट करत तिच्या सोन्यावर हात मारू पाहतोय. म्हातारी म्हणजे बँक. त्या चित्रापासून बँकेला थ्रेडनीडल स्ट्रीटवरची म्हातारी हे टोपणनाव पडलं. हे चित्रासमोर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हिला कुठेतरी पाहिलंय." लेक हसली. मीही हसले. पण ते मला लागलं, आणि का लागलं ते ह्यांनाही ठाऊक होतं.

आमच्या गावात माताजींचा चातुर्मास होता, त्या वर्षी आम्ही आठ-दहा जणींनी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं होतं. घर किती, साड्या किती, सोनं किती, प्रत्येकीने आपली मर्यादा सांगायची. मी सोनं तीस तोळे सांगितलं. माझ्याकडे होतं बावीस. मर्यादा सांगायच्या आधी मी घरी जाऊन कपाट उघडलं होतं, वजनं लिहून बेरीज केली होती, आणि वर आठ तोळ्यांची जागा मोकळी ठेवली होती. सासूबाईंच्या चार पाटल्या तेव्हा त्यांच्या हातात होत्या. बरोबर आठ तोळे. म्हणजे मी परिग्रहाला मर्यादा घातली नाही, पुढच्या आवकीची तरतूद केली! हिशेब माझा कधी चुकत नाही.

सासूबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. चारी पाटल्या माझ्याकडे आल्या. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "दोन माझ्या मुलीला द्यायच्या असं आई बोलल्या होत्या." मी म्हणाले, "माझ्यासमोर नाही बोलल्या. आणि पाच वर्षं अंथरूण कुणी काढलं?" दुसरी गोष्ट खरी होती. तेव्हापासून आम्ही दोघी लग्नकार्यात भेटलो तर भिंतीशी बोलल्यासारख्या बोलतो. दरवर्षी क्षमावाणीला मंदिरात सगळ्यांपुढे हात जोडते, त्या ओळीत त्याही असतात, ओळीतच हात जोडून होतात. मोबाइलवरचा मेसेज पण सगळ्यांना एकच जातो.

रविवारी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियमला गेलो. ते इतकं मोठं की पायांचे तुकडे पडले. भारताच्या दालनात महाराजा रणजितसिंगांचं सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं सिंहासन आहे. तेही त्याच १८४९ च्या लुटीतलं. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, त्याच्याभोवती पोरांची ही गर्दी. मी गर्दीतून बाहेर पडले आणि वळले, तर समोर पार्श्वनाथ भगवान.

मैत्रिणींनो, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वालुकापाषाणाची मूर्ती, सातव्या शतकातली, मध्यप्रदेशातल्या ग्यारसपूरची. पद्मासन, वर धरणेंद्राचा फणा, भोवती कमठाच्या जीवाने उठवलेलं वादळ. माझे हात आपोआप जोडले गेले आणि लगेच खाली आले. पायात बूट होते. आंघोळ करून निघालो होतो, पण वाटेत काय काय शिवलं असेल. शेजारी रखवालदार उभा. इथे दर्शन घ्यायचं की नुसतं पाहायचं? मूर्तीला पूजा नाही, अभिषेक नाही, कधी कुठल्या मंदिरातून निघाली कोण जाणे. घरी असते तर हा प्रश्न पंडितजींना विचारला असता. मी बूट काढले आणि मोज्यांवर उभी राहिले. हे हळूच म्हणाले, "अगं, लोक बघतायत." रखवालदाराने पाहिलं, आणि दुसरीकडे पाहिलं. चांगला माणूस असावा. मनात णमोकार म्हटला.

मग तशीच उभी राहिले. कमठाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, लहानपणी आजीने सांगितलेली, पुढे आपणच मुलांना सांगितलेली. पण आपण ती नेहमी शेवटून सांगतो. वादळ, नागराज, केवलज्ञान. सुरुवात आपण पटकन उरकतो. सुरुवातीला कमठ आणि मरुभूती हे सख्खे भाऊ आहेत. एका घरातले. थोरल्याने मोठा अपराध केला, त्याची शिक्षा भोगायला गेला, आणि धाकटा काही चूक नसताना त्याची क्षमा मागायला गेला, तर थोरल्याने त्याच्या डोक्यात दगड घातला. तिथून दहा भव. माझ्यासमोर सगळं दगडात कोरलेलं होतं, आणि मी थोरली जाऊ.

सासूबाई बोलल्या होत्या. मी ते ऐकलं होतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी, मी त्यांच्या पायाला तेल लावत होते तेव्हा. जाऊबाई तिथे नव्हत्या, त्यांना ते आणखी कधीतरी सांगितलं असावं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही परवाच सांगितलं, इथे लिहायच्या आधी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मला वाटलंच होतं." चार वर्षं वाटत होतं तर बोलला का नाहीत, असं विचारणार होते. नाही विचारलं.

तिथे फोटो काढायला परवानगी आहे. लेकीने मूर्तीचा एक चांगला फोटो काढून दिला. परत आल्यावर मी स्टुडिओतून त्याच्या दोन प्रती करून आणल्या. एक देवघरात नाही, देवघराबाहेरच्या भिंतीवर लावली आहे, कारण तो प्रश्न अजून पंडितजींना विचारायचा राहिलाय. (तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.) दुसरी प्रत पाकिटात आहे. जाऊबाई पार्श्वनाथांच्या मंदिरात रोज जातात, त्यांना आवडेल.

नुसता फोटो पाठवायचा तर तो कालच कुरिअरने गेला असता. पर्युषण जवळ आलंय. लॉकरची किल्ली काढून पाकिटाशेजारी ठेवली आहे. बँक सोमवारी दहाला उघडते.