पायातली शीर

अब्बा थांबत थांबत चालायचे. सोलापुरात विजापूर वेशीतून मशिदीकडे जाताना आधी पानपट्टी, मग सायकलचं दुकान. आम्हा भावंडांना वाटायचं, म्हातारपणी माणसाला गप्पा लागतात. पोटरीत गोळे येतात हे त्यांनी कधी सांगितलंच नाही. यंत्रमागावर तीस वर्षं बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस, पाय दुखतो म्हणून काय सांगणार? शेवटी अम्मीनं दवाखान्यात नेलं. दीड वर्ष संधिवाताच्या गोळ्या झाल्या. घोट्यापाशी नाडी लागते का, हे बोट ठेवून कुणी पाहिलं नाही. बिडीबद्दल मात्र सगळेच बोलले, आम्हीही.

उजव्या अंगठ्याची जखम भरेना तेव्हा पुणं गाठलं. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या निम्माही नव्हता. ऑपरेशनआधी हृदय तपासलं, तर तिथली मुख्य डावी धमनीच अरुंद. छातीत कधी दुखलं नाही, असं आम्ही ठासून सांगत होतो. सर्जन म्हणाले, "दुखेल कसं? तेवढं चालूच कुठे देत होता पाय?"

मग प्रश्न आला शिरेचा. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी ती लांब शीर १९४८ मध्ये पॅरिसला कुनलिन यांनी पायाच्या बायपाससाठी वापरली. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला फावालोरो यांनी हृदयासाठी. अब्बांच्या बाबतीत दोन्ही गरजू एकाच दारात उभे. कृत्रिम नळी गुडघ्याखाली शिरेइतकी टिकत नाही. पायाच्या ऑपरेशनआधी सरसकट हृदय दुरुस्त केल्यानं आयुष्य वाढत नाही, असं २००४ मध्ये अमेरिकेत पाचशेवर रुग्णांच्या पाहणीत दिसलं होतं. पण मुख्य डावी धमनी अरुंद असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते.

भाईजान म्हणाले पाय, आपा म्हणाली हृदय. दवाखान्याच्या जिन्यात आम्ही मोठमोठ्यानं भांडलो. अम्मीनं बांगड्या उतरवून भाईजानच्या हातात दिल्या. "पहले आदमी बचाओ. पाँव बाद में."

हृदयाला छातीच्या आतली धमनी आणि डाव्या मांडीतली शीर लावली. उजव्या पायाची शीर राखून ठेवली. पाच आठवडे आम्ही रोज तो अंगठा पाहायचो. काळेपणा वर सरकला की काय, या धास्तीनं. मग तीच शीर उलटी करून, कारण तिच्यातल्या झडपा नाहीतर रक्त अडवतात, मांडीपासून गुडघ्याखाली जोडली. अंगठा गेला. पाय राहिला.

परवा पानपट्टीवाल्यानं हाक मारली, "चाचा, अब रुकते नहीं?" अब्बा थांबले. बिडीचं बंडल हातात घेतलं, आमच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.