भिंतीपलीकडचं जग

मुलांनो, आधी एक कोडं. मारिओच्या पहिल्या खेळातला आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप यांचं नातं काय? ओळखा पाहू!

हरलात? अहो, ते जुळे भाऊ आहेत. चित्र एकच, फक्त रंग वेगळा! आईबाबांना विचारा. त्यांच्यापैकी कित्येकांनी तो खेळ सुट्टीभर खेळलाय, पण हे त्यांच्याही लक्षात आलं नसेल.

'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली काढला. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅसेटमध्ये जागा मिळाली होती अवघी ४० किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला तुमच्या वाढदिवसाचा एकच फोटो याच्या कित्येक पट जागा खातो. तेवढ्यात ३२ टप्पे, शत्रू, गाणी, सगळं बसवायचं म्हणजे चाळीतल्या एका खोलीत दहा माणसांचा संसार. मग काटकसर आलीच. भुवया चढवून समोरून येणारा तो तपकिरी गुम्बा आठवतोय? तो सगळ्या शत्रूंमध्ये शेवटी तयार झाला. तोवर जागा संपत आलेली. म्हणून त्याचं एकच चित्र काढलं आणि तेच सारखं डावं-उजवं उलटवत ठेवलं. आपल्याला वाटतं, स्वारी पाय टाकत चाललीय!

मारिओच्या मिशासुद्धा अशाच. १९८१ च्या 'डाँकी काँग' खेळात तो पहिल्यांदा आला, तेव्हा मोजक्या ठिपक्यांत चेहरा काढायचा होता. नाक उठून दिसावं म्हणून मिशा आल्या आणि केस काढणं अवघड म्हणून डोक्यावर टोपी आली.

पण मला तुम्हाला खरी गंमत सांगायचीय ती भिंतीची.

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम गल्लीत एकाच घरी असायचा आणि बाकीचे आम्ही नंबर लावून बसायचो. आमच्यातल्या एकाने एकदा शपथेवर सांगितलं, ''मी भिंतीतून आरपार गेलो. पलीकडे पाणीच पाणी होतं. ते जग संपतच नाही!'' सगळे हसले. ''करून दाखव,'' म्हणाले. त्याला काही परत जमेना. झालं! तेव्हापासून त्याचं नाव पडलं थापाड्या. पुढे तो खेळायला यायचाच बंद झाला.

आणि तो अक्षर न् अक्षर खरं बोलत होता!

पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, अगदी शेवटी, बाहेर पडायच्या नळाशेजारी भिंत आहे. नेमक्या जागेवरून, नेमक्या क्षणी उलटी उडी मारली तर मारिओ विटांत अडकतो आणि खेळच त्याला ढकलत पलीकडे नेतो. पलीकडे पुढच्या जगांत नेणारे तीन नळ आहेत. पण पडदा पुरता सरकायच्या आत तुम्ही पहिल्याच नळात शिरलात, तर त्या नळांचे आकडे खेळाने अजून वाचलेलेच नसतात. तो दुसऱ्याच एका खोलीचे आकडे वापरतो. त्या खोलीत एकच नळ आहे, मधला. बाजूच्या दोन जागा रिकाम्या. आणि रिकाम्या जागेची खूण या खेळात आहे ३६ क्रमांकाची! झालं, यंत्र तुम्हाला पाठवतं थेट छत्तिसाव्या जगात. जगं आहेत आठच. मग यंत्र पुढे जे हाती लागेल ते उचलतं, आणि हाती लागतो एक पाण्याचा टप्पा. पडद्यावर जगाचा आकडा दिसायला हवा तिथे कोरी जागा, मग रेघ, मग एक. म्हणून लोक त्याला 'उणे एक' जग म्हणू लागले. त्याच्या शेवटच्या नळात शिरलं की पुन्हा सुरुवातीलाच. वेळ संपेपर्यंत पोहत बसा!

आता सांगा, हे पुन्हा करून दाखवायला थापाड्याला किती वेळा प्रयत्न करावा लागला असता? आणि मागे दहाजण आपल्या नंबरासाठी ओरडत असताना!

जाता जाता आणखी एक. कासवाच्या कवचावर पायरीशी टुणटुण उड्या मारून जीव वाढवायची युक्ती तुमच्या घरच्या मोठ्यांना नक्की ठाऊक असेल. पण हावरटपणा करू नका हं! १२७ च्या पुढे गेलात की यंत्र तो आकडा शून्याच्या खालचा समजतं. मग एकदा मेलात की शंभरावर जीव शिल्लक असूनही खेळ खलास.

आणि हो, जपानमध्ये १९८६ साली हाच खेळ चकतीवर निघाला. त्यात भिंतीपलीकडे एक नाही, तीन टप्पे लागतात. तिसरा पार केलात की खेळ मुकाट्याने मान्य करतो, तुम्ही जिंकलात!